नव्वदच्या कॅसेटच्या दोन बाजू

कॅसेट टीडीकेची होती, ९० मिनिटांची. डबीतल्या कागदावर दादाच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या अक्षरात दोनच ओळी: ‘ए’समोर सार्जंट पेपर, ‘बी’समोर डार्क साइड. बँडची नावं नाहीत, गाण्यांची नाहीत. १९८९ च्या दिवाळीत दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, पुण्याच्या हॉस्टेलवरून आमच्याकडे वाईला आला. फराळाचं ताट पुढ्यात घेऊन बसला आणि शर्टाच्या खिशातून ती कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली.

“दोन्ही बाजू ऐक. जगातला सगळ्यात मोठा रॉक अल्बम यातला एक आहे. कुठला ते तू सांग.” मग चकली मोडता मोडता स्वतःच म्हणाला, “ए आहे.”

मी दहावीत होते. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी त्याला सांगितलं, “दादा, बी आहे.” त्याला आता पस्तीस वर्षं उलटून गेली. दर दिवाळीत, लग्नाकार्यात, एकदा तर माझ्या साखरपुड्यात, गुरुजी मुहूर्ताची वाट बघत बसलेले असताना, आम्ही हा वाद पुन्हा उकरून काढला आहे. घरच्यांना तो पाठ झालाय. मला मात्र तो अजून जुना वाटत नाही, कारण त्यातलं माझं एक म्हणणं काही वर्षांपूर्वी मुळापासून हललं. ते कसं, तेच लिहायला बसले आहे.

आधी त्या दोन बाजू.

बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ १९६७ चा, साधारण ४० मिनिटांचा. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ चा, ४३ मिनिटांचा. ९० च्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. म्हणजे एलपीच्या, मोठ्या तबकडीच्या, दोन्ही बाजू कॅसेटच्या एकाच बाजूत बसतात आणि हॉस्टेलच्या पोरांना एका कॅसेटच्या पैशात दोन अल्बम मिळतात. पेपर संपला की पाच मिनिटं नुसती टेपची सरसर. डार्क साइड संपताना हृदयाची धडधड हळूहळू विरत जायची, मग दोनेक मिनिटं सरसर, आणि खट्कन बटण वर यायचं. त्या खट् आवाजापर्यंत मी जागची हलायची नाही.

दादाचा मुद्दा सरळ होता. पेपरच्या आधी बहुतेक रॉक अल्बम म्हणजे दोन-तीन गाजलेली गाणी आणि बाकी भरती. बीटल्सचा स्वतःचा पहिला अल्बम घ्या. त्यातली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात रेकॉर्ड झाली. तेच चौघं ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा कार्यक्रम करतात, गावोगाव फिरणं सोडून देतात, नोव्हेंबरात स्टुडिओत शिरतात आणि पुढचे पाच महिने एकाच कामाला वाहून घेतात. यंत्र होतं चार ट्रॅकचं. चार भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे, म्हणजे पुढच्या वाद्यांना जागा होते. एकदा उतरवलं की तबला मोठा, गाणं लहान असला फेरफार करता येत नाही. जे ठरलं ते ठरलं. शेवटच्या गाण्यासाठी ४० वादक बोलावले आणि त्यांना २४ बारांची, म्हणजे चोवीस आवर्तनांची म्हणा, रिकामी जागा दिली. आपल्या वाद्याच्या सगळ्यात खालच्या सुरावर सुरू करा, सगळ्यात वरच्या सुरावर पोचा, आणि शेजारचा कुठे आहे ते बघू नका. जन्मभर एकसाथ वाजवायला शिकलेल्या लोकांना हे सांगायला छाती लागते. मग तो शेवटचा ई मेजर स्वरमेळ, अनेक पियानोंवर एकदम पडलेला, चाळीस सेकंदांच्या वर घुमत राहतो. तो विरत गेला तशी रेकॉर्डिंगवाल्यांनी पातळी वाढवत नेली, इतकी की खोलीतली एक खुर्ची करकरलेली ऐकू येते. दादाने ती करकर मला आमच्या टू-इन-वनला कान चिकटवून ऐकवली होती. ऐकू आली तेव्हा आम्ही दोघं चोराने चोराकडे बघावं तसे एकमेकांकडे बघून हसलो होतो.

“पाया त्यांनी घातला,” दादा म्हणायचा.

“पाया मान्य. मी कळसाबद्दल बोलतेय.”

माळकरी आजोबांच्या हाताखाली वाढलेल्या पोरांना वाद घालायला याहून सोयीची भाषा नव्हती.

पुढे वाचत गेले तसं लक्षात आलं की पायाखालीही पाया आहे. पेपरच्या वर्षभर आधी, मे १९६६ मध्ये, बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ आला. बँड जपानला कार्यक्रम करत फिरत होता आणि २३ वर्षांचा ब्रायन विल्सन लॉस एंजेलिसमध्ये व्यावसायिक वादकांना हाताशी धरून तो अल्बम घडवत बसला होता. एका कानाने जवळजवळ ऐकूच न येणाऱ्या माणसाने. सायकलची घंटा, शीतपेयाचे रिकामे डबे, शेवटी जाणारी आगगाडी आणि त्याच्या घरच्या कुत्र्यांचं भुंकणं. त्याला ही ईर्षा दिली बीटल्सच्या ‘रबर सोल’ने, आणि ‘पेट साउंड्स’ ऐकून पॉल मॅकार्टनी पेपरला भिडला. दादाला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला नाही. “म्हणजे एकट्याचा पाया नसतो, एवढंच,” तो म्हणाला. हे त्याचं मला आवडतं. तो हरत नाही, पण खोटंही बोलत नाही.

पेपरवरचा माझा खरा आक्षेप वेगळा होता. त्याच महिन्यांत त्याच चौघांनी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ आणि ‘पेनी लेन’ रेकॉर्ड केली होती. ती फेब्रुवारीत सिंगल म्हणून विकली गेली आणि अल्बममधून वगळली गेली. निर्माता जॉर्ज मार्टिन यांनी पुढे ती आपल्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी चूक असल्याचं कबूल केलं. ती दोन गाणी बाहेर राहिली आणि अल्बम तरीही उभा राहिला, याचा अर्थ त्यातली गाणी काढता-घालता येतात. डार्क साइडमधून एक गाणं काढून दाखव, असं मी दादाला म्हणायची. नाही निघत. एकातून दुसरं निघतं, धडधडीने सुरू होतं, धडधडीने संपतं, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. अखंड आहे. ‘अखंड’ हा माझा शब्द. तीसेक वर्षं मी तोच वापरला.

दोन्ही बाजू एकाच इमारतीत जन्मल्या, हे मला फार उशिरा कळलं. लंडनच्या ॲबी रोडवरचा ईएमआयचा स्टुडिओ. १९६७ च्या वसंतात बीटल्स दोन नंबरच्या दालनात पेपर करत होते, आणि शेजारी तीन नंबरमध्ये सिड बॅरेटच्या नेतृत्वाखाली पिंक फ्लॉइड नावाची कोवळी पोरं आपला पहिला अल्बम करत होती. मार्चमध्ये एकदा ती चाचरत जाऊन बीटल्सचं काम बघूनही आली. त्यांचा निर्माता नॉर्मन स्मिथ हा आधी बीटल्सचा रेकॉर्डिंग इंजिनिअर. पाच वर्षांनी त्याच इमारतीत डार्क साइड झाला तेव्हा यंत्रावर होता ॲलन पार्सन्स, जो बीटल्सच्या शेवटच्या दिवसांत तिथे मदतनीस होता. तोवर सिड बॅरेट मनाने पार कोलमडून बँडबाहेर गेला होता. अल्बमच्या शेवटाकडे वेडाविषयीचं जे गाणं आहे, त्यामागे तो रिकामा झालेला मित्र उभा आहे. ते कळल्यापासून मला ते गाणं चारचौघांत लावावंसं वाटत नाही.

आता ती संध्याकाळ.

डिसेंबर असावा. वाड्याच्या ओसरीवर आई तांदूळ निवडत होती, बाबा ऑफिसातून येऊन कोचावर टेकले होते. कॅसेट माजघरात लागलेली, दार अर्धं उघडं. अल्बममधल्या घड्याळांच्या गजरांनी बाबा एकदा दचकून उठले होते, त्यामुळे आवाज बेताचा. पिंक फ्लॉइडच्या रिचर्ड राइटचा पियानो सुरू झाला. एक माणूस बोलतो, मरणाची मला भीती वाटत नाही, अशा अर्थाचं काहीतरी. आणि मग ती बाई गायला लागते. शब्द नाहीत. आधी एक हाक, मग हाकेवर हाक, आवाज फाटायच्या बेतात येतो आणि फाटत नाही, आणि अर्ध्यावर आल्यावर एकदम खाली उतरून ती कुजबुजल्यासारखी गाते, दमलेल्या माणसासारखी.

ओसरीवरचा सुपाचा आवाज थांबला. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या बोटांना तांदळाची पांढरी भुकटी लागली होती, आणि हात तिने पदराला न पुसता तसेच पुढे धरले होते.

“ही कोण गं?”

माझ्याकडे नाव नव्हतं. कागदावर दोनच ओळी होत्या ना. “इंग्लंडची आहे कोणीतरी.”

“काय गाते आहे?”

“मरण.” दादाने तेवढं सांगितलं होतं.

आई रेडिओवर किशोरीताई लागल्या की भाजी करपली तरी हलायची नाही, त्यातली. तिने पूर्ण ऐकलं. “आधी भांडली त्याच्याशी,” ती म्हणाली, “आणि मग निजली.” एवढंच.

ती परत वळते तोच नाणी खणखणली. खण, खळ्ळ, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याचं यंत्र. ‘मनी’ सुरू होतं तसं. बाबा डोळे मिटून होते, पण त्यांचा उजवा हात कोचाच्या लाकडी हातावर सुरू झाला. बाबा दर गुरुवारी दत्ताच्या भजनाला तबला वाजवायचे. दोन-तीन आवर्तनं त्यांनी नुसती मोजली, मग डोळे उघडले.

“सात आहेत,” ते म्हणाले. “रूपक की गं हा!”

रूपकाचा ठेका तो नव्हे, पण मात्रा सातच. बाबा पुढे ऐकत राहिले. गिटार मोकळी सुटते तिथे ताल चारांत जातो. बाबांनी हात उचलला, ऐकलं, “हां, सोडलं इथे,” म्हणाले आणि पुन्हा सातात आल्यावर पुन्हा धरलं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या गाण्याचं नाव ‘रूपक’ पडलं. “तुझा तो रूपक लाव गं,” बाबा म्हणायचे. पुढे मी वाचलं की नाण्यांचे ते आवाज बँडमधल्या रॉजर वॉटर्सने घरी केले होते. त्याची बायको कुंभारकाम करायची, तिच्या माती कालवायच्या भांड्यात नाणी टाकून. टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापले, चिकटवले, आणि त्याची माळ यंत्रावर फिरवत ठेवली. एक तुकडा म्हणजे एक मात्रा. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते किती वेळ हातवारे करून तो तुकडा किती इंचांचा असेल याचा हिशेब करत बसले होते.

त्या बाईचं नाव क्लेअर टॉरी. मला ते कळायला पुढे काही वर्षं गेली. २५ वर्षांची, पैसे घेऊन दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर गाणारी गायिका. पार्सन्सने तिचं नाव सुचवलं. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी ती आली. तिच्यापुढे ना शब्द होते, ना चाल. पियानोची पट्टी ऐकवली आणि हे गाणं मरणाबद्दल आहे एवढं सांगितलं. तिने आधी शब्द घालून पाहिले, ते त्यांना नको होते. मग तिने ठरवलं की आपण गायिका नाही, वाद्य आहोत. दोन वेळा गायली, तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबली, कारण आपण तेच तेच करतोय असं तिला वाटलं. बाहेर येऊन तिने चक्क माफी मागितली आणि हे काही वापरणार नाहीत, असं समजून घरी गेली. मानधन ३० पौंड, रविवार म्हणून दुप्पट दराने. आपला आवाज अल्बमवर आहे हे तिला रेकॉर्डच्या दुकानात कळलं. गायिका म्हणून तिचं नाव होतं, पण गाण्याची कर्ती म्हणून नव्हतं. २००४ मध्ये तिने दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली, आणि त्यानंतर राइटच्या जोडीला तिचं नाव रचनाकार म्हणून छापलं जातं.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग तसे तर पेपरवरही आहेत.” खरं होतं. जॉर्ज हॅरिसनचं ‘विदिन यू विदाउट यू’ हे गाणं. त्यात बाकीच्या तिघांपैकी एकही बीटल नाही. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधले वादक होते: तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कन्सारा, दिलरुब्यावर अमृत गज्जर आणि जोशी. वेष्टनावर अनेक नामवंतांचे चेहरे आहेत, चार भारतीय योगीही आहेत, पण या वादकांची नावं नव्हती. ती लोकांपुढे यायला पन्नास वर्षं लागली. आम्ही दोघांनी त्या दिवशी वाद घातलाच नाही. वरण-भात जेवलो आणि झोपलो.

माझी मात्र त्या गाण्याबद्दल एक जुनी तक्रार होती. कॅसेटवर ते मला नेहमी चुकीच्या जागी वाटायचं. त्याच्या आधी सर्कशीचं गाणं आहे, गरगरत्या ऑर्गनचा नुसता गोंधळ, आणि तो संपतो न संपतो तोच तंबोरा. जत्रेतून एकदम गाभाऱ्यात ढकलल्यासारखं. पेपरला क्रम जमला नाही, डार्क साइडला जमला, हा माझा हुकमाचा पत्ता होता.

२००३ साली ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीत मासिकाने सर्वकालीन सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी काढली. पहिला सार्जंट पेपर. डार्क साइड ४३ वा. दादाने ती यादी मला ईमेलने पाठवली आणि त्यात एक अक्षरही लिहिलं नाही. मला झोप लागली नाही त्या रात्री, हे मी आज लिहिते. अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात डार्क साइड ७४१ आठवडे टिकला. सव्वाचौदा वर्षं. पहिल्या क्रमांकावर एकच आठवडा, आणि यादीत सव्वाचौदा वर्षं. पाहुण्यासारखा आला नाही, घरचाच होऊन राहिला. हे मी त्याला उलट लिहिलं. तो म्हणाला, विक्री म्हणजे गुणवत्ता नव्हे. ते मलाही मान्य होतं, पण मी तेव्हा कबूल केलं नाही.

त्याच वर्षी मी २९ ची झाले होते. स्वारगेटहून वाईची एसटी, खिडकीची जागा, कानात तेच. घड्याळांचे गजर झाले. पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या एका दुकानात जाऊन एकेक घड्याळ वेगळं रेकॉर्ड केलं आणि मग सगळी एकाच क्षणी वाजवली, हे मला तोवर माहीत होतं. मग ड्रमर निक मेसनचे ते सुटे सुटे ठोके, दोन मिनिटं चाललेले. वॉटर्सने सांगितलंय की ते गाणं लिहिलं तेव्हा तो २८-२९ वर्षांचा होता आणि त्याच्या अचानक लक्षात आलं, आपण ज्याची तयारी करतोय असं समजत होतो ते आयुष्य कधीच सुरू झालंय. खंबाटकी घाटात गाडी दमून चढत होती. मी पहिल्यांदा ते गाणं घड्याळांसाठी न ऐकता ऐकलं. पंधराव्या वर्षी मला त्यातलं काय कळलं होतं?

यादी २०२० मध्ये बदलली. नव्याने मतं घेतली, मतदारही बरेच नवे. पहिला आला मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, १९७१ चा. पेपर थेट २४ वर. डार्क साइड ५५. आणि ‘पेट साउंड्स’ तिन्ही वेळा, २००३, २०१२, २०२०, दुसऱ्याच क्रमांकावर. या वेळी यादी मी पाठवली, पण पाठवताना मला आनंद झाला नाही. दादाचा अल्बम २३ पायऱ्या खाली गेला म्हणून काही माझा वर चढला नव्हता. सतरा वर्षांत त्या ४० मिनिटांतला एक सूरही इकडचा तिकडे झाला नाही. ऐकणारे बदलले, विचारले गेलेले लोक बदलले. जे कान आधीच्या यादीत फारसे मोजलेच गेले नव्हते, ते या वेळी मोजले गेले.

दादा फोनवर म्हणाला, “पण तो रॉक नाही, सोल आहे.” मी म्हणाले, तू आधी ऐक. मीही नीट ऐकला नव्हता. व्हिएतनामहून परतलेला सैनिक आपल्याच शहरात फिरून बघतो आहे, असा तो अल्बम. गेचा सख्खा भाऊ त्या युद्धात होता. गाणी एकातून एक निघतात, तेच सूर पुन्हा भेटायला येतात. डार्क साइडच्या दोन वर्षं आधी. माझ्या ‘अखंड’ला तिथेच पहिला तडा गेला असं म्हणायला हवं.

बाकी भिडू आमच्या वादात येऊन-जाऊन असायचे. माझी एक मैत्रीण पाचगणीची. वाईहून पसरणीचा घाट चढला की तिचं गाव. तिचं म्हणणं, क्वीनचा १९७५ चा ‘ए नाइट ॲट द ऑपेरा’ सोडून तुम्ही बोलताच कसे, ज्या फारुख बलसाराने, म्हणजे क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीने, पाचगणीच्या शाळेत पियानो वाजवला, ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, तो आपला माणूस. आपला आहेच. पण त्या अल्बममधल्या एका गाण्याने बाकीची अकरा झाकली गेली, आणि तसं झालं की मला त्याला अल्बम म्हणणं जड जातं. दादाच्या हॉस्टेलमधला एक जण लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बमवर हटून बसायचा. त्यातलं ‘फोर स्टिक्स’ जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर पुन्हा वाजवलं होतं. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. ऐकल्यावर मला वाटलं, मूळचं चांगलं आहे आणि हे जिवंत आहे.

मग दादाने रेकॉर्ड प्लेअर घेतला. निवृत्तीनंतरचं म्हणून आधीच जमवलेले पैसे त्यात घातले. पुण्याला त्याच्या घरी गेले तर दोन्ही एलपी काढून ठेवलेल्या. “तुझी आधी,” म्हणाला.

मी डार्क साइड एलपीवर कधीच ऐकला नव्हता. कॅसेट, मग सीडी, मग फोन. सुई टेकली, धडधड, घड्याळं, टॉरी. टॉरी निजली, पियानो थांबला. आणि काहीच आलं नाही. सुई आतल्या रेघेत गेली. टक्, टक्, टक्. दादा उठला, सुई उचलली, तबकडी दोन्ही तळहातांच्या कडेवर धरून उलटी केली, ब्रशने धूळ काढली, पुन्हा सुई ठेवली. वीस-पंचवीस सेकंद असतील. मग नाणी.

मी त्या सेकंदांत काय झालं ते सांगायचा प्रयत्न करते. पहिली बाजू म्हणजे एक पुरं आयुष्य होतं. काळजाचा ठोका, श्वास, धावपळ, वेळ हातची गेल्याची जाणीव, आणि मरण. ते तिथे संपतं. खरोखर संपतं. त्यानंतर खोलीत शांतता असते आणि कोणीतरी जिवंत माणूस उठून, चार पावलं चालून, हाताने तबकडी उलटवतो. म्हणून दुसऱ्या बाजूची नाणी इतकी निर्लज्ज वाजतात. कॅसेटवर ती टॉरीच्या अंगावर येऊन पडायची आणि मी त्यालाच अखंडपणा म्हणत होते.

“दादा, मध्ये थांबा आहे.”

“असणारच. एलपी आहे.”

“मग माझ्या कॅसेटवर?”

तो हसला नाही, उलट जरा ओशाळला. “पॉझ दाबलं होतं गं मी. एका सीनियरची एलपी होती. पहिली बाजू संपली की पॉझ, उलटी करायची, पहिला आवाज यायच्या आत सोडायचं. तीन वेळा चुकलं, तीन वेळा पुन्हा भरली. जागा फुकट जायला नको म्हणून.”

म्हणजे मी इतकी वर्षं ज्याच्या जोरावर भांडले, ते अखंडपण एकोणीस वर्षांच्या माझ्या भावाच्या अंगठ्याने केलेलं होतं.

मग त्याने पेपर लावला. पहिली बाजू सर्कशीच्या गरगराटात संपली. टक्, टक्. या वेळी मी उठले, उलटी केली. हाताला तिचं वजन लागलं. सुई ठेवली आणि स्वच्छ शांततेतून तंबोरा उमटला. बैठक मोडून नव्याने मांडल्यासारखा. जागा चुकलेली नव्हती. त्या गाण्याला दुसऱ्या बाजूची सुरुवात दिली होती, म्हणजे मैफलीच्या मध्यंतरानंतरची पहिली चीज. दादाच्या पॉझने माझ्या अल्बमला फुकटचं अखंडपण दिलं आणि त्याच्या स्वतःच्या लाडक्या अल्बमची बैठकच मोडली. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ त्या फिरणाऱ्या तबकडीकडे बघत होता.

माझं उत्तर बदललं का, असं त्याने जेवताना विचारलं. नाही बदललं. अजून ‘बी’च. पण आता मी अखंड म्हणत नाही. मी म्हणते, ज्याला कुठे थांबायचं ते कळलं, आणि थांबल्यावर आपल्याला जागेवरून उठवायचं कळलं. पेपरला तेही आधी कळलं होतं, हे दादा लगेच म्हणालाच. पाया.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे त्याच्याकडे होतो. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. आई ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येतं, म्हणून तिला स्पीकरजवळच्या खुर्चीत बसवलेलं. फराळ झाला, पोरं फटाक्यांना खाली गेली, दादाने डार्क साइड लावला. टॉरी गायली. आई डोळे मिटून होती, मला वाटलं तिला डुलकी लागली. बाजू संपली. दादाचा गुडघा धरलेला, माझ्या मांडीवर भाचीचं लेकरू झोपलेलं. कोणी उठेना. सुई आत फिरत राहिली, टक्, टक्, टक्.

आईने डोळे उघडले आणि स्पीकरकडे बघितलं.

“उलटी करा की रे ती,” ती म्हणाली. “ह्यांचा रूपक राहिलाय.”